दोन पायऱ्या खालचा हॉल

गोरक्ष नलवडे जिना चढून वर आला, तेव्हा जयमाला भिंगारदिवे ऑफिसात एकटीच बसली होती आणि आज कुणी आलंच नाही तर बरं, असं तिला वाटत होतं.

नगरजवळच्या केडगावात, पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस. सत्तावीस वर्षं झाली त्याला. सुरुवातीला ती हातानं नकाशे काढायची. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून लांब रेघा ती दुपारी, गिरणीवाला जेवायला गेला की ओढून घ्यायची. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, कुठून कुठून माणसं यायची. सातबारा घेऊन यायची, जागेचं माप पावलांत सांगायची आणि "तुमीच बघा मॅडम काय ते" म्हणत खुर्चीवर टेकायची. तेवढ्या एका वाक्यावर तिनं चारशेच्या वर घरं आखली होती.

आता वाक्य बदललं होतं.

"प्लॅन तयार हाय मॅडम," गोरक्ष बसता बसताच म्हणाला. "फक्त तुमची सही आन् शिक्का पायजे. ग्रामपंचायतीला लागतो, बँकेला लागतो."

दिवाळीपासून हे वाक्य ऐकायची तिची ही अकरावी खेप. गोरक्ष चाळिशीचा, मिरजगावला हायवेवर त्याचं कृषी सेवा केंद्र, मागं थोडी शेती. बोलणं मोकळं, माणूस सरळ. त्यानं मोबाईल तिच्यापुढं सरकवला.

"एआयनं काढलाय. आठ प्लॅन काढले त्यानं, जेवण होईस्तोवर. त्यातला ह्यो घरात समद्यांना पटला."

जयमालानं चष्मा लावला. पहिल्या वर्षी असे नकाशे आले की ती आनंदानं चुका शोधायची. एकदा तर दारच नसलेली झोपायची खोली आली होती; तिनं घरी नवऱ्याला दाखवली आणि दोघं पोट धरून हसले होते. पण ते एक वर्ष होतं. पुढं चुका कमी होत गेल्या आणि तिचं हसूही. आता तिनं नेहमीप्रमाणे जिना पाहिला, खांब पाहिले, वारा कुठून येतो ते पाहिलं. सगळं ठीक होतं. "आईंची खोली" अशी वेगळी खोली होती, बाथरूमला लागून. स्वयंपाकघर तर इतकं चांगलं होतं की तिला आपल्या चारशे स्वयंपाकघरांची थोडी लाज वाटली. फक्त मधला हॉल तेवढा सगळ्या घराच्या दोन पायऱ्या खाली होता.

"हा हॉल खाली का घेतलाय?"

"स्टाइल हाय ती, मॅडम. पुन्यात मित्राकडं बघितला हुता. उतरून गेलं की लई भारी वाटतं." गोरक्ष हसला. "आपल्या मिरजगावात असला कुनाचाच न्हाई."

तिला सही करता आली असती. शिक्का उजव्या हाताच्या खणातच होता. तिच्याच हाताखाली शिकलेला रविराज आता नगरला सावेडीत काचेच्या दाराचं ऑफिस थाटून बसला होता आणि महिनाभर तिच्या मागं लागला होता. "मॅडम, नकाशे मशीन काढतं, तपासायला माझी माणसं आहेत. तुम्ही या, पंख्याखाली बसा आणि सह्या करा. महिन्याला पन्नास नकाशे. काय ती दगदग करता या वयात?" एक तारखेला सांगते, असं ती म्हणाली होती. मनातून तिचं हो झालंच होतं. बावन्न वर्षांचं वय, उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरणारा, आणि समोर बसलेल्या माणसाला नकाशा कसा काढतात हे समजावून सांगायचा आलेला कंटाळा. तो कंटाळाच सगळ्यात जड होता.

तरी तोंडातून सवयीनं निघून गेलं, "सही करीन. पण आधी जागा बघते."

"फोटो हायेत की. ड्रोननं काढलेलं बी हायेत."

"तरी बघते."

घरी नवरा, भीमराज, म्हणाला, "कशाला जातेस? सही कर आणि मोकळी हो." तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला, मोकळं होण्याचा त्याला अनुभव होता.

"मोकळी होऊन करू काय?" ती म्हणाली.

*

बुधवारी ती सोलापूरकडच्या एसटीत बसली. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर. रुईछत्तिशी मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी पिवळी पडत चाललेली दिसायला लागली. मिरजगावला उतरून ती दुकानापाशी गेली, तर दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. गोरक्षनं हातानंच मागची वाट दाखवली. "घरी आई हाय. व्हा फुडं, आलोच."

दुकानामागं मोकळी जागा, एका कडेला दोन म्हशी, तुराट्यांचा भारा, पाण्याचा हौद आणि मधोमध विटांच्या भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं तीन खोल्यांचं घर. हे पाडून त्याच जागी नवं व्हायचं होतं. गोरक्षची आई राहीबाई दारातच उभी होती. सत्तरीला टेकलेली, काटक, डोक्यावर पदर.

"या बाई. नकाशावाल्या ना तुमी? आडनाव काय तुमचं?"

हा प्रश्न जयमालाला नवा नव्हता. "भिंगारदिवे."

"बरं बरं. बसा, च्या टाकते."

पुढच्या गोष्टीकडं जयमालाचं लक्ष आपोआप जायचं. चहा कशातून येतो, घरातल्या कपातून की बाजूला ठेवलेल्या कपातून. आता फार ठिकाणी तसं होत नसे. पण ऑफिस काढलं त्या पहिल्या वर्षांत एका बंगल्याचं स्वयंपाकघर तिनं आखून दिलं होतं, ओट्याच्या उंचीसकट, आणि वास्तुशांतीच्या दिवशी सगळं घर दाखवलं तिला, तेवढं स्वयंपाकघर सोडून. त्या घरातून निघताना बाबा, म्हणजे तिचे वडील उत्तमराव, स्वतः गवंडीकाम केलेले, एवढंच म्हणाले होते, "भिंत आपली, आतलं त्यांचं." तेव्हापासून नजर कपाकडं जायची ती जायचीच.

म्हणून तिनं राहीबाईंचा हात पाहिला. कप फळीवरच्या रांगेतलाच होता. पण ओतताना म्हातारीनं तर्जनीचं टोक कपाच्या आत कडेला धरलं होतं. गरम चहा बोटाला लागला तशी तिनं किटली उचलली आणि बोट पदराला पुसलं. दुसऱ्या कपालाही तसंच. एका सेकंदापुरता जयमालाच्या मनात जुना कडवटपणा आला आणि दुसऱ्या सेकंदाला तो गेला. हे आडनावाचं नव्हतं. म्हातारी बोटानं माप घेत होती.

तिनं तो चहा प्यायला. मग बॅगेतून टेप काढली. "मावशी, जरा हे टोक धरता?" असं म्हणून टेपचं टोक तिनं राहीबाईंच्या डाव्या बाजूनं पुढं केलं. राहीबाईंनी लगेच हात पुढं केला, पण तो वीतभर लांब, मोकळ्या हवेत बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद झाला. भर दुपारचं ऊन पडलं होतं.

"मावशी," जयमाला हळूच म्हणाली, "किती दिवस झाले?"

राहीबाईंनी आधी दुकानाच्या बाजूला कान दिला. मग त्या हौदाच्या कडेवर बसल्या.

"डाव्यानं दोन वरसं झालं, कायच न्हाई. उजव्यानं समोरचं दिसतंय, बाजूचं न्हाई. नळीतनं बघितल्यावानी." त्यांनी आवाज खाली आणला. "सांगू नका, बाई. आमच्या जावंला असंच झालं हुतं. पोरांनी लई माया केली. ऊठ म्हनून दिलं न्हाई, कॉटवर बसवली. तिथंच गेली ती, वरीसभरात. मी म्हशींचं करते, भाकरी थापते, सोमवारी बाजार करते. हितली समदी वाट पायाला पाठ हाय. कळलं की मला बी बसवत्याल."

"पण दवाखाना..."

"मोतीबिंदू आसंल. पिकला की काढत्यात म्हनं."

जयमालाला तो मोतीबिंदू वाटला नाही. पण ती डॉक्टर नव्हती. "नाही सांगत," ती म्हणाली. म्हणून मोकळी झाली खरी, पण तिथून उठल्यावर पहिलीच गोष्ट तिला आठवली ती हॉलच्या पायऱ्यांची.

*

मग चार दिवस खपून तिनं स्वतः एक नकाशा काढला. बऱ्याच महिन्यांनी. सगळं घर एका पातळीवर घेतलं. म्हातारीच्या खोलीतून निघालं की सरळ रेषेत न्हाणीघर, सरळ रेषेत स्वयंपाकघर, सरळ रेषेत मागचं दार आणि म्हशी. वळण एकच. असं का, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

गोरक्ष पूजाला, म्हणजे बायकोला, घेऊन आला. दोघांनी कागद पाहिला. गोरक्षचा चेहरा पडला.

"मॅडम, राग मानू नका. पन ह्यात नवीन काय हाय? हे तर शाळंवानी दिसतंय. सरळ वऱ्हांडा आन् खोल्या."

"हॉल खाली नको, गोरक्षभाऊ. घरात वयस्कर माणूस आहे."

"आई? आई आजून म्हशीमागं पळते! तिला दोन पायऱ्या म्हंजे काय?" तो हसला. मग फोनकडं बघत म्हणाला, "आन् त्यानं सोताहून इचारलं हुतं, घरात कुनाला चालायला तरास हाय का म्हनून. मी न्हाई म्हनलं."

जयमालानं आपला कागद पुन्हा जवळ ओढला. मशीननं विचारलं होतं. उत्तर चुकीचं मिळालं, तर त्याचा काय दोष?

"आणि स्वयंपाकघर?" तिनं पूजाला विचारलं. "हे माझं कसं वाटतं?"

पूजानं आधी नवऱ्याकडं पाहिलं. "चांगलं हाय," ती म्हणाली. मग जरा धीर करून, "पन त्या फोनमधलं बरं हाय, मॅडम. त्यानं मला इचारलं, तुमी रोज किती वेळ स्वयंपाकघरात आसता, उभं राहून पाठ दुखते का, खिडकीतनं काय दिसायला पायजे. मला आजवर कुनी इचारलं न्हाई. पोरं शाळेतून येताना दिसली पायजेत म्हनलं, तर खिडकी रस्त्याच्या अंगाला दिली त्यानं."

खाली गिरणी चालू झाली. जयमालाला वाटलं, बरं झालं, आता थोडा वेळ कुणाला बोलायला नको. सत्तावीस वर्षं या खुर्चीवर बहुतेक पुरुषच येऊन बसले होते. बायका आल्याच तर बाजूच्या बाकावर बसायच्या. ती स्वतः बाई, पण त्या बाकाकडं वळून तिनं किती वेळा विचारलं होतं? बोटांवर मोजण्याइतक्या.

"बघा तुमी," गोरक्ष उठता उठता म्हणाला. त्याचा सूर उद्धट नव्हता, उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. "न्हाईच जमलं तर सावेडीत एक साहेब हायेत म्हनं, ते दोन दिवसांत सही देत्यात."

त्या साहेबाचं नाव जयमालानं विचारलं नाही; तो रविराजच. एक तारखेनंतर ती सही तिचीच असणार होती. म्हणजे इथं नाही म्हटलं तरी सावेडीत पंख्याखाली बसून तोच हॉल तिच्याच पेनानं मंजूर व्हायचा होता. दोघं गेल्यावर बराच वेळ ती शिक्का हातात धरून बसली. सांगितलं तर म्हातारीला दिलेला शब्द मोडतो. नाही सांगितलं तर म्हातारी पडते. आणि नकाशा काढायचा म्हणून आयुष्यभर जे शिकली, त्यातलं काहीही इथं उपयोगाचं नव्हतं. तिला फार थकल्यासारखं झालं. एवढ्याशा गोष्टीनं माणूस एवढं थकतं, हे तिला नवीन होतं.

*

सोमवारी बाजाराच्या दिवशी ती पुन्हा मिरजगावला गेली. या खेपेला तिनं ठरवलं होतं, सांगायचं तर म्हातारीलाच सांगायचं.

राहीबाई हौदापाशी भांडी विसळत होत्या. जयमालानं शेजारी बसून त्यांना हॉलचं सगळं सांगितलं. कुठून उतरायचं, किती खोल, किती वेळा ये-जा.

"म्हंजे मी पडंन, येवढंच ना?"

"पडाल आणि कंबर मोडली, तर मग खरंच कॉटवर बसवतील, मावशी. त्यापेक्षा माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

राहीबाईंचे हात पाण्यात थांबले. त्या काही बोलायच्या आत मागून पूजाचा आवाज आला.

"आत्या, जावा त्यांच्यासंगं दवाखान्यात."

पूजा कधी येऊन उभी राहिली, ते दोघींनाही कळलं नव्हतं. तिच्या हातात धुतलेल्या कपड्यांची बादली होती. ती खाली ठेवून ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. म्हनून तर मी कप एकाच फळीवर ठेवते. मिठाची बरनी डावीकडं, साखरेची उजवीकडं. पोरांना वाटंत दप्तर टाकू देत न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

"म्हंजे मला वाटायचं, मला घावतंय," राहीबाई म्हणाल्या, "आन् तू ठेवीत हुतीस व्हय गं."

जयमालानं पूजाला विचारलं, "मग ॲपला का नाही सांगितलंस? त्यानं विचारलं होतं ना?"

"फोन यांचा हाय, मॅडम," पूजा म्हणाली. "मी लिव्हलेलं समदं हे वाचत्यात."

गुरुवारी तिघी नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. गोरक्षला सांगितलं होतं की आईच्या चष्म्याचा नंबर काढायचाय. तीन तास त्या लाकडी बाकावर बसून होत्या. थेंब घातले, यंत्रात हनुवटी टेकवून घेतली, पुन्हा थेंब घातले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं सावकाश. काचबिंदू आहे, असं त्या म्हणाल्या. डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजव्यातलं जेवढं उरलंय, ते रोजच्या थेंबांनी टिकवता येईल, कदाचित पुष्कळ वर्षं. "दोन वर्षांपूर्वी आला असतात, आजी," एवढंच त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

जयमालानं आपल्या पायांकडं पाहिलं. चिठ्ठी लिहून होईस्तोवर तिच्या मनात एकच विचार होता, की आपण "नाही सांगत" म्हणून आलो त्याला पंधरा दिवस झाले होते, आणि या डोळ्याच्या हिशेबात पंधरा दिवसही कमी नसतील.

बाहेर आल्यावर राहीबाईच म्हणाल्या, "लाव फोन गोरक्षला. मी सांगते."

तो मोटारसायकलवर तासाभरात आला. तोवर त्यांनी बाकावरच चहा-बिस्किट खाल्लं होतं. आईनं सांगितलं ते त्यानं उभ्यानंच ऐकलं आणि मग तिच्या शेजारी बसला. बराच वेळ तो हातातली किल्ली नुसता फिरवत राहिला.

"रोज माज्या म्होरं भाकरी वाढती," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "मला दिसलं न्हाई."

"तुला दिसू नये म्हनून तर लई जपून वागले," राहीबाई म्हणाल्या. "आता एक ऐक. थेंब घालीन. पन मला बसवायचं न्हाई. म्हशीचं मी करनार."

"कर."

"बाजाराला जानार."

"पूजासंगं जा."

"बरं," म्हातारी म्हणाली. तेवढी तडजोड तिला चालणार होती.

थोड्या वेळानं गोरक्षनं खिशातून फोन काढला. जयमालाला वाटलं, दुकानात फोन करतोय. पण त्यानं तो तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात बोलायला लागला. आईला काचबिंदू आहे. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं फक्त समोरचं दिसतं. तिला एकटीनं हिंडायचंय. हॉलला पायऱ्या नकोत. एवढं सगळं एका दमात तो माणसाशी बोलू शकला असता का, असा प्रश्न जयमालाला पडला.

मिनिटभरात नकाशा आला. त्यानं तो आधी जयमालापुढं धरला, जरा ओशाळून.

तिनं चष्मा लावून पाहिला. सगळं घर एका पातळीवर. म्हातारीच्या खोलीतून न्हाणीघर, स्वयंपाकघर, मागचं दार, एकाच रेषेत. तिनं चार दिवस खपून काढलेलं जवळजवळ तेच, आणि वर आणखी काही. भिंतीला कंबरेच्या उंचीवर धरायला दांडी. प्रत्येक दाराच्या तोंडाशी वेगळ्या रंगाची, पायाला खरखरीत लागणारी फरशी. उंबरे नाहीत. आणि पूजाची रस्त्याकडची खिडकी जशीच्या तशी. दांडी आणि फरशी तिला सुचली नव्हती. सुचायला हवी होती.

आपण हरलो, असं तिला वाटलं नाही. जिंकलो, असंही नाही. गुडघा दुखत होता आणि दवाखान्यातल्या औषधांच्या वासानं डोकं जड झालं होतं.

"चांगला आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मग सही करता?"

"आधी जागेवर आखू. मावशींना चालून बघू दे."

*

पत्र्याचं घर उतरवून जागा सपाट झाली, तोवर मार्च लागला होता. एरवी आखणी फक्कीनं करतात, पांढऱ्या रेघांनी. राहीबाईंना त्या रेघांचा उपयोग नव्हता. म्हणून जयमालानं गवंड्यांना बांबू रोवायला लावले आणि जिथं जिथं भिंत येणार, तिथं कंबरेच्या उंचीवर सुतळी ताणून घेतली. दारांच्या जागी सुतळी सोडून दिली. गवंडी आपसांत हसत होते, पण करत होते. दुपारपर्यंत सुतळीचं अख्खं घर उभं राहिलं.

"या मावशी. ही तुमची खोली."

राहीबाईंनी चपला काढल्या. सुतळीवर पालथा हात ठेवून त्या चालायला लागल्या. पूजा मागं, गोरक्ष कडेला, दुकान तासभर बंद. न्हाणीघर सापडलं. परत खोलीत आल्या. स्वयंपाकघर सापडलं. ओट्याच्या जागी विटांचा थर होता, त्याला हात लावून त्या म्हणाल्या, "उंची बरी हाय."

मग त्या मागच्या दाराकडं निघाल्या आणि सुतळीला जाऊन अडल्या. मागं सरकल्या, पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा तिथंच.

"हितं दार न्हाई व्हय?"

"दार अलीकडं आहे मावशी. तीन फूट."

"पाय हिकडंच येत्यात," राहीबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच हसू आलं. "चाळीस वरसं हितनं गेले म्हशींकडं. हौद हितनं सरळ येतोय."

जयमालानं मागं वळून पाहिलं. म्हशी त्याच जागी बांधलेल्या, हौद त्याच जागी. घर पाडलं होतं, पण अंगण तेच होतं. दार तीन फूट सरकवायचं तर ओट्याची लांबी कमी होत होती.

"खिडकी जाईल का माझी?" पूजानं विचारलं. या वेळी तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

"खिडकी राहील. फ्रिज पलीकडं घेऊ. तू उभी कुठं राहतेस ते दाखव." पूजा विटांपाशी जाऊन उभी राहिली. जयमालानं टेप धरली, तिला हात वर करायला लावला, बाजूला वळायला लावलं, वाकायला लावलं. असं बराच वेळ चाललं. सुतळी सोडून पुन्हा बांधली.

राहीबाई पुन्हा खोलीपासून निघाल्या. या खेपेला त्या न अडता दारातून बाहेर पडल्या, हौदापर्यंत गेल्या आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिथंच उभ्या राहिल्या.

"फोनमधी बदलू का दार?" गोरक्षनं विचारलं.

"बदला. मग मला पाठवा, मी तपासते."

सही तिनं दुसऱ्या दिवशी केली.

*

एक तारीख तर केव्हाच उलटून गेली होती. रविराजनं दोनदा फोन केला होता. जयमाला सावेडीला गेली, काचेचं दार ढकलून आत बसली आणि थंडगार हवेत तिला खरंच बरं वाटलं.

"पन्नास जमणार नाहीत," ती म्हणाली. "जागा बघून आल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि घरातल्या बायकांशी बोलल्याशिवाय."

रविराज हसला. तिच्याबद्दल त्याला आदर होता, पण हसू आलंच. "मॅडम, बघून करणार काय? नकाशा तर बरोबरच असतो."

"असतो," ती म्हणाली. "नकाशा बरोबरच असतो."

"मग महिन्याला किती होतील?"

"होतील तेवढे. बारा-पंधरा."

त्यानं पेन टेबलावर आपटत थोडा विचार केला. "सहा महिने बघू," तो शेवटी म्हणाला. "परवडलं नाही तर मी सांगेन. स्पष्ट सांगेन हं."

"सांग."

म्हणजे केडगावचं ऑफिस आता आठवड्यातून तीनच दिवस उघडणार होतं. गिरणीवाल्याला तसं सांगावं लागणार होतं, भीमराजलाही. तो म्हणेल, एवढंच करायचं होतं तर मोकळी का नाही झालीस? त्याला काय सांगायचं, ते अजून ठरलं नव्हतं. रविराजनं पहिली फाईल तिच्या हातात दिली. पारनेरजवळच्या एका वस्तीवरची. नकाशा तिनं तिथंच उभ्या उभ्या पाहिला. काही चूक नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती माळीवाड्याच्या स्टँडवर गेली. पारनेरच्या गाडीला पाऊण तास होता. तिनं फाईल मांडीवर घेतली, दुखरा पाय बाकाखालून लांब केला आणि गाडीची वाट बघत बसली.